अर्ध्या मिलिमीटरची चावी

जुन्नर तालुक्यातली तरकारी मुंबईला जाते ती रात्रीची. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर या पट्ट्यात संध्याकाळपर्यंत माल भरायचा, अंधार पडला की माळशेजच्या दिशेला लागायचं, घाट उतरून मोरोशी, टोकावडे, मुरबाड, कल्याण करत पहाटे वाशीच्या बाजारात गाळ्यासमोर गाडी लावायची. टोमॅटो तासभर उशीर सोसतो. कोथिंबीर सोसत नाही. पहिल्या गाड्यांतली जुडी चांगल्या भावाला गेली आणि मागून आलेली पडून राहिली, तर शेतकरी पट्टी हातात घेऊन आडत्याकडे नाही, गाडीवाल्याकडे बघतो. म्हणून या रस्त्यावरच्या छोट्या ट्रकवाल्यांत शर्यत असते. तिला कुणी शर्यत म्हणत नाही, एवढंच.

या गोष्टीतला शेठ त्या शर्यतीतला. वय सव्वीस-सत्तावीस, पण ज्याच्या नावावर गाडी त्याला या भागात शेठ म्हणतातच. गाडी मात्र जुनी. १९८६ साली टाटा ४०७ आली, त्याच सुमाराला आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा आल्या आणि गावातला माल हलवायला मोठ्या ट्रकची वाट बघणं संपलं. त्या पिढीच्या घडणीचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन असलेली ही गाडी त्याने वापरलेली घेतली होती. घरात बैलगाड्याचा नाद. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या तरी वडिलांनी दावणीचे बैल विकले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा घरात गुलाल उधळला गेला आणि पोराने ट्रकच्या मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत ‘घाटाचा राजा’ रंगवून घेतलं.

मंचरच्या पुढे रस्त्याला लागून असलेल्या एका गॅरेजात तो आला तो मागणी ठरवूनच.

“मिस्त्री, गाडीला ओढ नाय. कॅम एक दात पुढं घ्या.”

“कुणी सांगितलं?”

“चाकणच्या बाजूला एकाने केलंय. गाडी नुसती उडती म्हणे.”

“एक दात म्हणजे किती, ते सांगितलं का त्याने?”

शेठ गप्प. मिस्त्रींनी हात पुसले. कॅमच्या गिअरला समजा ४८ दात असले, तर एक दात म्हणजे कॅमचे साडेसात अंश. कॅम एक फेरा मारतो तोवर क्रँक दोन मारतो, म्हणजे क्रँकच्या हिशोबात पंधरा अंश. डिझेलच्या इंजिनात पिस्टन वर आला की हेडला जवळजवळ टेकतोच. जागा सोडलेली असते ती मिलिमीटरच्या आसपास. त्याच क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनलेट उघडायला लागलेला असतो. तिथे पंधरा अंशांची घाई केली की व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते, पुशरॉड वाकतात, आणि गाडी उडते ती टोइंगच्या दोरीवर.

“मग होत नाय म्हणता?”

“दाताने होत नाय. चावीने थोडं होतं.”

याच्या इंजिनात कॅमचा गिअर शाफ्टवर एका छोट्या चावीने धरलेला होता. चावी म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराचा पोलादी तुकडा, खालचा भाग शाफ्टच्या खाचेत, वरचा गिअरच्या. तो सरळ असतो. त्याला मधोमध पायरी दिली, म्हणजे वरचा भाग खालच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर बाजूला सरकवला, तर ३० मिलिमीटर जाडीच्या शाफ्टवर कॅमचे जवळपास दोन अंश हलतात आणि क्रँकचे चार. डिझेलचा पंप जागच्या जागी राहतो, हलतात फक्त व्हॉल्व्ह.

“ओढ कमी कुठं पडती?” मिस्त्रींनी विचारलं.

“घाटात.”

“कुठल्या?”

“माळशेजला. अजून कुठल्या!”

मिस्त्रींनी आणखी एक प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता, असं आपल्याला वाटतं. त्यांनी विचारला नाही. गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाला फार प्रश्न विचारले तर गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजात जातं, आणि पुढच्या गॅरेजात दात पुढे घेणारा कुणीतरी बसलेलाच असतो. निदान इथे काम मापाने झालं असतं.

आणि ते तसंच झालं. व्हॉल्व्हचं ग्राइंडिंग तसंही थकलेलं होतं, हेड उतरवायचंच होतं. आयटीआय करून हाताखाली राहिलेल्या पोराला मिस्त्रींनी घरी पिटाळून कणकेचा गोळा मागवला. पिस्टनच्या डोक्यावर तेलाचा हात फिरवून त्यावर कणकेची चपटी टिकली ठेवली, जुन्याच गॅस्केटवर हेड कसलं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं आणि हेड पुन्हा उतरवलं. व्हॉल्व्हने कणकेत जिथे खळगा पाडला होता तिथे ब्लेडने कापून व्हर्नियरने जाडी मोजली. इनलेटखाली मोजली. मग एक्झॉस्टखालीही मोजली.

पोराने विचारलं, “कॅम पुढं घेतला तर इनलेट पिस्टनच्या जवळ येणार. एक्झॉस्ट कशाला मोजायचा?”

“मोजून ठेव. लागंल.”

मंचरच्याच एका लेथवर चावी करून आणली. टॅपेट फिलर गेजने लावले, एअर क्लीनर उघडला तर त्यातून ओंजळभर धूळ आणि पाचोळा निघाला, तो साफ केला, नोझल तपासून घेतले. पंपावरच्या सीलला हात लावला नाही. शेठने सुचवून पाहिलं होतं की पंपाचं डिझेलही थोडं वाढवा, मिस्त्रींनी त्याला गॅरेजसमोरून काळा धूर सोडत चाललेला एक टेम्पो दाखवला आणि म्हणाले, “तो बघ, डिझेल वाढवलेला. निम्मं मागं सांडतोय.”

पुढच्या आठवड्यात शेठ पेढे घेऊन आला. माळशेजच्या चढाला जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे गाडी तिसऱ्यात निघाली होती. त्याने ते दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा शेजारच्या टायरवाल्याला सांगितलं. पेढा खाताना मिस्त्री हाताखालच्या पोराला हळूच म्हणाले, की या ओढीतला मोठा वाटा ग्राइंडिंगचा, टॅपेटचा आणि त्या ओंजळभर पाचोळ्याचा आहे, चावीचा थोडा. पण पेढे चावीचे होते.

थोडा असला तरी चावीचा वाटा खोटा नव्हता. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही, थोडा उशिरा मिटतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत घुसणाऱ्या हवेला ओघ असतो, पिस्टन वर यायला लागला तरी ती येतच राहते आणि उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह फायद्याचा ठरतो. इंजिन हळू फिरत असेल तर तोच उशीर नडतो: आलेली हवा पिस्टन परत ढकलून देतो. कॅम पुढे घेतला की व्हॉल्व्ह लवकर मिटतो, हळू फिरणाऱ्या इंजिनात हवा जास्त कोंडली जाते, चढाला ओढ येते. जोरात फिरवलं की तेच इंजिन धापा टाकतं. कारखान्यातल्या माणसाने या दोन्हींच्या मधली एक जागा पकडून खूण मारलेली असते. चावीने त्या खुणेच्या अलीकडे-पलीकडे जाता येतं. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही.

हे शेठला कळायला महिना लागला. आळेफाट्याहून कल्याणच्या रस्त्याला लागल्यावर घाटमाथ्यापर्यंत वाट जवळजवळ सपाट. रात्री रस्ता मोकळा, आणि तिथे ज्या गाड्यांना तो पूर्वी मागे टाकायचा त्या आता त्याला मागे टाकू लागल्या. अ‍ॅक्सिलरेटर तळाला गेला तरी शेवटचा जोर येईना. तो परत आला.

“मिस्त्री, घाटाचं सोडा. सपाटीला गाडी पळाली पाहिजे. कॅम मागं घ्या.”

मिस्त्रींनी रेडिएटर काढला, पुली काढली, पुढचं कव्हर उघडलं. पोराला वाटलं आता नवी चावी करायला लेथवर जावं लागणार. मिस्त्रींनी तीच चावी खाचेतून काढली, फिरवून उलटी बसवली. पायरी डावीकडे होती ती उजवीकडे झाली. पुढचे चार अंश मागचे चार झाले. एक्झॉस्टचं माप पोराच्या वहीत होतंच.

“तीच चावी?” शेठने विचारलं.

“तीच.”

“मग पैसे कमी घ्या.”

“चावीचे घेतच नाय. उघडायचे घेतोय.”

मजुरी पूर्ण लागली. गाडी सपाटीला पळू लागली. माळशेज चढताना दुसरा गिअर परत आला. पण शेठने ते मनावर घेतलं नाही, कारण नव्या सुखात जुनी तक्रार काही दिवस आठवत नाही. मग डिसेंबर आला. या भागातली डिसेंबरची पहाट ज्याने अनुभवली आहे त्याला सांगायला नको. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून धूर करतात, एवढी थंडी. आधीच जेमतेम कॉम्प्रेशनचं जुनं इंजिन, त्यात व्हॉल्व्ह उशिरा मिटतोय म्हणजे दाब आणखी कमी, दाब कमी म्हणजे हवा कमी तापणार, आणि डिझेल पेटतं ते त्या तापलेल्या हवेनेच. स्टार्टर रडत राहायचा, मागून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास. रोज चार माणसं ढकलायला. एकदा ढकलणाऱ्यांत वडील होते. ते म्हणाले, “राजाला ढकलायला आलोय.” घरात त्यावर कुणी हसलं नाही.

शेठ तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याची मागणी साधी होती. “मला दोन्ही पाहिजे. चढाला ओढ आणि सपाटीला पळ. आणि सकाळी एका हाकेत चालू.”

मिस्त्रींची लेक कल्याणला दिली होती. ते म्हणाले, “आज रात्री भरणार आहेस का? मला कल्याणला सोड. सकाळी येताना घे.”

त्या रात्री गाडीत कोथिंबीर, मेथी आणि वर थोडे फ्लॉवरचे गठ्ठे होते. ओतूर गेलं, मढ गेलं, पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी अंधारात डावी-उजवी कुठे आहे तेही दिसेना. शेठ सपाटीला जीव तोडून चालवत होता आणि अधूनमधून मिस्त्रींकडे बघत होता. मिस्त्री काच खाली करून बसले होते. थंडी होती, तरी काच खालीच.

घाट सुरू झाला. भरलेली गाडी उतरायला लागली आणि शेठने गिअर चौथ्यातच ठेवला. वळण आलं की ब्रेक, वळण संपलं की सोड, पुन्हा ब्रेक. सपाटीला कमावलेली मिनिटं उतारावर सांडायची त्याची तयारी नव्हती. तीन-चार वळणांनंतर उघड्या काचेतून वास आत आला. करपल्यासारखा, डोक्यात जाणारा.

“दुसरा टाक,” मिस्त्री म्हणाले.

“मिस्त्री, गाडी मागं राहील.”

“राहू दे. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं असतं. टाक.”

त्याने टाकला. इंजिन ओरडलं, गाडी आवरली. मोरोशीला चहासाठी थांबले तेव्हा मिस्त्री मागच्या चाकाजवळ गेले आणि ड्रमच्या जवळ हात नेला. टेकवला नाही, टेकवता आला नसता. परत येऊन चहा घेतला. बोलले काही नाहीत. कल्याणला उतरताना फक्त म्हणाले, “सकाळी विसरू नको.”

परतीच्या वाटेवर उजेड होता. या सह्याद्रीच्या कड्यावरून माल चढण्या-उतरण्याचा धंदा फार जुना आहे. इथून जवळच नाणेघाट. तिथे सातवाहनांच्या काळातला शिलालेख आहे आणि वाटेच्या तोंडाशी तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकत असत असं सांगतात. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या पाठीवर जुन्नरला चढत असे. आज जुन्नरचा माल उतरतो. मधल्या दोन हजार वर्षांत चढाचा पत्ता तोच राहिला. ओझ्याची दिशा बदलली, आणि हे गाडीवाल्याच्याही ध्यानात येत नाही, कारण तो रोज दोन्ही करतो.

घाटाचा चढ लागला. गाडी दुसऱ्यात कण्हत होती. शेठ वैतागून म्हणाला, “बघा. हे असं. हिच्यासाठीच म्हणत होतो.”

“मागं काय भरलंय?” मिस्त्रींनी विचारलं.

“मागं कुठं काय! आपली रिकामी कॅरेटं.”

“जाताना काय होतं?”

“कोथिंबीर. तुम्ही बघितली की.”

“ती चढली कुठं?”

शेठने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओतूरपासून घाटमाथ्यापर्यंतचा रस्ता त्याने मनातल्या मनात एकदा चालवला असावा, कारण पुढची दोन वळणं तो नुसता चालवत होता. मग म्हणाला, “चढत नाय. उतरतीच.”

“बैलगाडा रिकामाच पळतो, शेठ. त्याला सेकंद मोजायचे असतात. तुझ्या मागं बाजार असतो. रिकामी कॅरेटं पाच मिनिटं आधी घरी पोचवायला तू माझ्याकडून इंजिन तीनदा उघडून घ्यायला निघालास, आणि भरल्या गाडीला ज्याची गरज त्याचा वास काल नाकात जात होता तरी तुला आला नाय.”

“काच तुमच्या बाजूची उघडी होती,” शेठ म्हणाला. हे उत्तर काही वाईट नव्हतं. मिस्त्री हसले.

घाटमाथ्यावर आल्यावर त्याने एकच विचारलं. “मग उशीर कशाने होतो? रोज मागं राहतो, हे तर खरंय ना?”

“काल भरून किती वाजता निघाला?”

“आठ... साडेआठ.”

“तुझ्या पुढच्या गाड्या?”

त्या सातला निघालेल्या होत्या. एका मळ्यावर जुड्या बांधून व्हायच्या होत्या आणि तिथे बसून त्याने बैलगाड्याच्या गप्पा मारल्या होत्या. हे त्याने सांगितलं नाही. मिस्त्रींना ते मंचरमध्ये बसून माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण त्यांनी चाळीसेक वर्षं गाडीवाल्यांचे चेहरे बघितले होते.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात लागली. पायरीची चावी निघाली, मूळची सरळ चावी बसली, खुणा कारखान्याच्या खुणांना लागल्या. मागच्या दोन्ही ड्रममधून लायनर काढले तर त्यांच्यावर काच चढलेली, एक तर रिव्हेटपर्यंत आलेला. नवे लायनर घातले, ड्रम लेथवर साफ करून घेतले. या वेळचं बिल आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त झालं आणि शेठने पहिल्यांदाच घासाघीस केली नाही. निघताना त्याने मागच्या फळीकडे बघितलं, पुसावं का असा विचार केला असेल. पण तसंच ठेवलं. नाद आपल्या जागी असतो.

पायरीची चावी पोराने भंगाराच्या डब्यात टाकली. मिस्त्रींनी ती उचलून, तेल लावून खिळ्यांच्या डबीत ठेवली.

उन्हाळा लागायच्या आत दुसरा एक गाडीवाला आला. घोडेगावचा. गाडी त्याच घडणीची, आणखी जुनी. डिंभ्याच्या पुढे तळेघरच्या बाजूला, भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाड्यांना किराणा, धान्याची पोती, कधी सिमेंट पोचवायचा त्याचा धंदा. त्याने कॅमचं नावही काढलं नाही. म्हणाला, “पहिल्या गिअरात जीव जातो हो तिचा. काय करता येतंय का बघा.”

“भरलेली चढती?”

“भरलेलीच चढती. उतरताना हंगामात हिरड्याची पोती, नायतर दोन-चार माणसं.”

“हायवेला जाता का?”

“या मंचरच्या बाजारापुरता. तेही सावकाश. घाई कुणाला आहे?”

मिस्त्रींनी आधी ब्रेक बघितले. मग एअर क्लीनर, टॅपेट, नोझल. मग हेड उतरवायला घेतलं आणि डबीतून चावी काढून फडक्याने पुसली. पोराने वहीचं जुनं पान उघडून माप वाचायला सुरुवात केली, तशी मिस्त्रींनी वही मिटवली.

“ते त्या गाडीचं. जा, घरून कणीक आण.”

कणीक आली, टिकली थापली, इंजिन फिरलं, खळगा कापला. जागा पुरेशी निघाली. चावी पुढच्या अंगाने बसली. पंधरा दिवसांनी तो घोडेगाववाला सहज चाललेला थांबला.

“पडला का फरक?”

त्याने जरा विचार केला. “थोडा.”

“तेवढाच असतो,” मिस्त्री म्हणाले आणि राहिलेली मजुरी मागितली.